मुक्या ठेवलेल्या तारा

ज्याला काहीच येत नाही त्याने नवी विद्या शिकणे निराळे, आणि ज्याला एक विद्या उत्तम येते त्याने तिच्या शेजारची दुसरी शिकणे निराळे. पहिल्याजवळ गमावण्यासारखे काही नसते. दुसऱ्याजवळ बरेच काही असते, आणि शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून तेच आड येऊ लागते. बँकांत संगणक आले त्या काळी हे दृश्य अनेकांनी पाहिले आहे. ज्यांचे अक्षर मोत्यासारखे, ज्यांच्या खतावणीत वर्षानुवर्षे खाडाखोड नाही, लांबलचक रकाना ज्यांनी एका नजरेत खाली उतरत तोंडी बेरजेने संपवावा, तेच लोक कीबोर्डपुढे सर्वांत अधिक अडखळत. कालपरवा नोकरीस लागलेला मुलगा मात्र दोन दिवसांत सरावत असे. त्याची बोटे रिकामी होती; या जुन्यांच्या बोटांत तीस वर्षे भरलेली होती.

टोनी राईस या अमेरिकन गिटारवादकाची कथा याच जातीची आहे. फरक इतकाच, की त्याला कोणी संगणकापुढे बसवले नव्हते. तो आपल्या पायांनी चालत गेला.

१९७५ साली टोनी चोवीस वर्षांचा होता आणि ‘ब्लूग्रास’ नावाच्या लोकसंगीतात त्याच्या तोडीचे गिटारवादक फारच थोडे होते. या संगीताचे नाव बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या पथकावरून पडले. केंटकी राज्यातले हे मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या रेडिओवरील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात आले आणि त्यांच्या धर्तीवर पुढे शेकडो पथके उभी राहिली. बँजो, मेंडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास एवढीच वाद्ये, ढोलताशा नाही. डोंगरी वस्त्यांतील फिडलच्या चाली, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधील समूहगान यांच्या मिश्रणातून हे संगीत घडले. ते कागदावरून शिकण्याची रीत नव्हती. वडील वाजवत, मुलगा शेजारी बसून ऐके. हात आपोआप तयार होई. आपल्याकडे भजनी मंडळात मृदंग आणि पेटी अशीच पुढच्या पिढीच्या हाती जात आली आहे.

टोनीचेही तसेच झाले. ८ जून १९५१ रोजी व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे त्याचा जन्म झाला, बालपण कॅलिफोर्नियात गेले. वडील हौशी वादक होते, भाऊही वाजवत. नऊ वर्षांचा असताना त्याने क्लॅरेन्स व्हाइट या किशोरवयीन वादकास पाहिले. ब्लूग्रासमध्ये तोवर गिटारीचे काम मुख्यतः ठेका धरण्याचे. तिला पुढे आणून तिच्याकडून धून वाजवून घेण्याचे धाडस ज्या मोजक्या लोकांनी केले, त्यांत हा क्लॅरेन्स. त्याची गिटार १९३५ सालची, मार्टिन कंपनीच्या ‘डी-२८’ जातीची. तिच्या पोटाचे भोक झिजून आणि दुरुस्त होऊन नेहमीपेक्षा मोठे झालेले. मुलाने ती हाताळली आणि ती मनात राहिली. पुढे पैशांच्या अडचणीत क्लॅरेन्सने ती एका परिचिताकडे ठेवली. १९७३ साली एका मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली तो अकाली गेला. ती गिटार कोणाकडे आहे याचा माग टोनीने १९७५ मध्ये काढला आणि ५५० डॉलर मोजून ती आपल्या हाती आणली. तारणातून वस्तू सोडवावी तशी. मूळ मालक मात्र ती पाहायला उरला नव्हता.

त्याच वर्षी त्याची दुसरी एक मोठी गोष्ट घडली. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे जे. डी. क्रो या ज्येष्ठ बँजोवादकांच्या ‘न्यू साउथ’ पथकात तो गायक आणि गिटारवादक होता. एका हॉटेलच्या लाउंजमध्ये आठवड्यातील बहुतेक रात्री हे पथक वाजवी. अशी रोजची बैठक हातांना जे देते ते कोणताही शिकवणीवर्ग देऊ शकत नाही. १९७५ मध्ये या पथकाची जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती ब्लूग्रासच्या इतिहासात इतकी मान्यता पावली, की रसिक तिला नावाऐवजी कंपनीने दिलेल्या ‘००४४’ या क्रमांकानेच ओळखतात.

आणि ही ध्वनिमुद्रिका नुकतीच बाजारात आलेली असताना टोनीने पथक सोडले. मुदत ठेव पिकण्याच्या ऐन तोंडावर मोडावी तसा हा प्रकार. कारण काय, तर एका मुद्रणाच्या निमित्ताने त्याची डेव्हिड ग्रिसमन या मेंडोलिनवादकाशी गाठ पडली आणि ग्रिसमनने आपल्या नव्या रचना त्याला ऐकवल्या. वाद्ये ओळखीची होती. वाजत होते ते मात्र टोनीने पूर्वी कधी वाजवलेले नव्हते.

ग्रिसमनच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. एक, मन्रो यांचे ब्लूग्रास. दुसरी, १९३४ साली पॅरिसमध्ये उभे राहिलेले जँगो राईनहार्ट आणि स्टीफन ग्रापेली यांचे तारवाद्यांचे जॅझ पथक. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत भाजून जवळजवळ निकामी झालेली होती, तरी त्याच्या गिटारीची नक्कल करताना धडधाकट हात अजूनही थकतात. या पथकातही ढोल नव्हता; गिटार, व्हायोलिन आणि बास. म्हणजे पॅरिसचे जॅझ आणि केंटकीचे लोकसंगीत यांचा वाद्यमेळ बराचसा सारखा. फरक होता तो स्वरगुच्छांचा, ज्यांना पाश्चात्त्य संगीतात ‘कॉर्ड’ म्हणतात.

हा फरक नीट उमजल्याखेरीज टोनीपुढची अडचण कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. घरात पेटी असेल तर उत्तम. पट्ट्या दाबून पाहता येईल.

आपल्या संगीतात एका वेळी एक स्वर चालतो आणि मागे तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो. पाश्चात्त्य पद्धतीत तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजतात आणि धून पुढे सरकते तशी ही खालची बैठकही बदलते. कॉर्ड बांधण्याचा मूळ नियम सोपा आहे. एक शुद्ध स्वर घ्या, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या, पुन्हा एक सोडा, पुढचा घ्या. षड्जापासून सुरुवात केली तर सा-ग-प. मध्यमापासून म-ध-सा. पंचमापासून प-नि-रे. गंमत पाहा: या तीन गुच्छांत सप्तकाचे सातही शुद्ध स्वर येऊन जातात. म्हणून शुद्ध स्वरांतील साध्या चालीचा कोणताही स्वर या तिघांपैकी एकाच्या तरी अंगणात उभा असतो. जगातील कितीतरी लोकगीते या तीन कॉर्डवर सुखाने चालली आहेत, आणि ब्लूग्रासचा बराचसा संसारही त्यांवरच उभा आहे.

गिटारीवर हे गुच्छ वाजवण्याची लोकवादकाची रीत मोकळीढाकळी असते. ‘जी’ हा स्वर षड्ज मानला, तर त्याची नेहमीची कॉर्ड सहाही तारांवर वाजते: सा-ग-प-सा-ग-सा. तीन तारांवर बोटे, तीन तारा मोकळ्या. मोकळी तार घंटेसारखी झंकारत राहते. सगळी गिटार एकदम बोलते. पट्टी बदलायची तर ‘कॅपो’ नावाचा चिमटा दांडीवर वर सरकवायचा आणि तीच बोटे पुन्हा तशीच ठेवायची. टोनीच्या हातात हा झंकार असा काही वस्तीला होता, की त्याच्या एका फटकाऱ्यावर पथक उभे राही.

आता जॅझकडे वळू. तेथे तीन स्वरांवर भागत नाही. एक सोडून एक या नियमाने आणखी चौथा स्वर चढवतात. रे-म-ध-सा, प-नि-रे-म, सा-ग-प-नि. हे तीन गुच्छ याच क्रमाने आले की जॅझमधील सर्वांत नेहमीचा प्रवास पुरा होतो: थोडे बाहेर जाणे, ताण वाढणे आणि घरी येणे. चार स्वर म्हटले की वाटते, बोटांचे काम वाढले. येथेच अनुभवी लोकवादक फसतो. काम वाढत नाही, कमी होते. पण ते कमी करणेच त्याला जमत नाही.

प्रत्येक गुच्छात दोन स्वर असे असतात, की ज्यांच्यावाचून त्याची ओळख पटत नाही: तिसरा आणि सातवा, म्हणजे ‘एक सोडून एक’ या मोजणीतील दुसरी आणि चौथी पट्टी. रे-म-ध-सा मध्ये म आणि सा. प-नि-रे-म मध्ये नि आणि म. सा-ग-प-नि मध्ये ग आणि नि. आता पेटीवर फक्त हे दोन-दोन स्वर वाजवून पाहावेत. प्रथम म आणि वरचा सा. मग म तसाच दाबून ठेवावा आणि सा अर्ध्या पायरीने खाली नि वर उतरवावा. मग नि तसाच ठेवून म अर्ध्या पायरीने ग वर आणावा. एक थांबतो तेव्हा दुसरा हलतो. दुसरा थांबतो तेव्हा पहिला. एवढ्या दोन बोटांच्या हालचालीत तो सगळा प्रवास ऐकू येतो. ज्याने हे एकदा पेटीवर करून पाहिले, त्याला जॅझचे निम्मे व्याकरण आपोआप कळले असे समजण्यास हरकत नाही.

मग उरलेले स्वर? मूळ स्वर बासवाल्याकडे सोपवायचा. त्याचे ते कामच आहे. पंचमासारखा स्वर गाळला तरी कोणी विचारत नाही. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हा गिटारवादक १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ठेका धरून बसला. एकल वादनाच्या वाटेस तो क्वचितच गेला आणि सहा तारांपैकी दोन-तीन तारांवर साऱ्या वृंदाची चाल सांभाळली. बाकीच्या तारा? बोटाच्या कडेने हलकेच स्पर्श करून मुक्या ठेवायच्या. तार हाताखाली आहे, पण वाजवायची नाही.

पंधरा वर्षे सहाही तारा मोकळ्या वाजवलेल्या हाताला हे सांगणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. बदली झालेला नोकरदार नव्या गावीही सवयीने जुन्या वळणावर वळतो, तशी बोटे ‘जी’ म्हटले की त्याच जुन्या आकारात जाऊन बसतात. कान त्याहून हट्टी. झंकार नसलेली कॉर्ड त्याला कोरडी, अपुरी, जवळजवळ चुकीची वाटते. नवशिक्याला ती नुसती अवघड वाटते. मुरलेल्याला ती कुरूप वाटते. आणि कुरूप वाटणारी गोष्ट दिवसेंदिवस घोकत बसणे ही अवघड गोष्ट घोकण्यापेक्षा मोठी तपश्चर्या आहे. त्यात पुन्हा, कॅपोचा चिमटा नाही. प्रत्येक आकार दांडीवर वरखाली सरकवायचा. एका ओळीत चार वेळा कॉर्ड बदलायची. तीन घरांत नांदलेल्या माणसाला एकाएकी सगळ्या गल्लीचे पत्ते पाठ करावे लागावेत, असे हे काम.

टोनीने ते पत्करले. तो कॅलिफोर्नियात परतला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन परगण्यात ग्रिसमनच्या पथकात दाखल झाला आणि विद्यार्थी होऊन बसला. जॅझ आणि लेखी संगीत दोन्हींत मुरलेले जॉन कार्लिनी हे गिटारवादक त्याला गुरू लाभले. स्वरगुच्छांचे शास्त्र त्याने त्यांच्याकडून घेतले. ‘चार्ट’ वाचणे शिकला. चार्ट म्हणजे मात्रांचे खण आखलेला कागद. प्रत्येक खणात कॉर्डचे नुसते नाव असते. कोणती तार, कोणते बोट, काहीही लिहिलेले नसते. ते वाजवणाऱ्याने त्या क्षणी ठरवायचे. कानावर वाढलेल्या माणसाला कागद परका, आणि कागदावर वाढलेल्याला त्यातील मोकळीक परकी. टोनीला दोन्ही एकदम शिकायचे होते. ज्याच्या वादनाकडे इतर गिटारवादक शिकण्यासाठी पाहत होते, त्याने गुरूपुढे बसून गुच्छांची नावे घोकावीत, यात त्याचा अहंकार किती दुखावला असेल हे त्याचे त्यालाच ठाऊक.

या पथकात गाणे नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. ग्रिसमनच्या रचना निव्वळ वाद्यांच्या. टोनीचा आवाज ब्लूग्रासमधील उत्तम आवाजांत गणला जाई, आणि तो आवाज त्याने नव्या घरी जाताना दाराबाहेर ठेवला. ‘००४४’ ऐकताना हा त्याग किती मोठा होता ते कळते. लोकांना आवडणारे सोडून लोकांना माहीत नसलेले शिकायचे, तेही पोटापाण्याची पक्की हमी नसताना. व्यवहारी माणसाने त्याला वेड्यात काढले असते. ती चूकही म्हणता आली नसती.

जानेवारी १९७६ मध्ये बोलिनास या समुद्रकाठच्या लहानशा गावी या पथकाचा पहिला कार्यक्रम झाला. १९७७ साली ‘डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील टोनीची गिटार ऐकावी. हात ब्लूग्रासचाच आहे: फटकाऱ्यातील तोच नेमकेपणा, प्रत्येक स्वर वेगळा, नाण्यासारखा खणखणीत. पण खालचे गुच्छ आता मिटलेले, आटोपशीर, क्षणात सरकणारे. झंकार हवा तेथेच येतो. पूर्वी तो सवयीने येत असे.

(त्याच्या हातातील तार छेडण्याची चकती कासवाच्या कवचाची असे, याचा उल्लेख गिटारीचे जाणकार कौतुकाने करतात. आपल्या घरांत ते वाचताना कोणाचेही मन क्षणभर अडखळेल. त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता बंदी आहे, आणि इतर पदार्थांच्या चकत्यांवरही उत्तम वाजवणारे आज पुष्कळ आहेत. असो.)

१९७९ च्या ‘हॉट डॉग’ या ध्वनिमुद्रिकेत एक विलक्षण योग आला. जँगोचा पॅरिसचा जोडीदार ग्रापेली त्यात व्हायोलिनवर होता, आणि या दोघांची प्रसिद्ध रचना ‘मायनर स्विंग’ तो वाजवत असताना गिटारीवर होता टोनी राईस. ज्या जागी जँगो बसला असता तेथे केंटकीच्या लाउंजमधून आलेला मुलगा. चार वर्षांची शिकवणी फळाला आली होती.

पुढे टोनीने स्वतःचे पथक काढले. १९८० च्या ‘मार वेस्ट’ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या नावावरची ‘नार्डिस’ ही जॅझ रचना आहे. १९८२ च्या ‘बॅकवॉटर्स’ मध्ये ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’ आहे. या सगळ्या ध्वनिमुद्रिका सारख्याच मनात शिरतात असे म्हणवत नाही. काही ठिकाणी चातुर्य पुढे उभे राहते आणि जिव्हाळा मागे थांबतो. नवी भाषा शिकलेला माणूस काही काळ अवघड शब्दच अधिक वापरतो, तसे. पण ज्याने भाषा खरोखर आत्मसात केली त्याचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

१९८१ पासून टोनीने जे. डी. क्रो आणि इतर जुन्या सहकाऱ्यांबरोबर ‘द ब्लूग्रास अल्बम’ या नावाने ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली. जुनी गाणी, जुनी रीत, तेच तीन गुच्छ. १९८३ मध्ये ‘चर्च स्ट्रीट ब्लूज’ निघाली. तिच्यात मुख्यतः त्याचा आवाज आणि गिटार. म्हणजे दाराबाहेर ठेवलेले गाणे तो परत घरात घेऊन आला होता. येथे कोणी जॅझ शोधायला गेले तर सापडणार नाही. परंतु तीन गुच्छांच्या मधल्या फटींतून तो ज्या लहान लहान स्वरांनी एका गुच्छातून दुसऱ्यात उतरतो, ते अर्ध्या पायरीचे उतरणे कोठून आले ते आता ओळखता येते. एक थांबतो, दुसरा हलतो. पेटीवरचे ते दोन स्वर.

अशा उतरणाऱ्या स्वरांना मराठी कान अगदीच अपरिचित आहेत असे नाही. टोनीचा जन्म झाला त्या १९५१ सालीच ‘अलबेला’ चित्रपट आला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर. त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या पथकाचे ते प्रमुख. गोव्याच्या अशा अनेक वादकांनी आपल्या चित्रपटगीतांच्या पोटात हे चार स्वरांचे गुच्छ अलगद ठेवून दिले. गाणाऱ्याकडे लक्ष असल्यामुळे आपण ते कधी मोजले नाहीत, इतकेच.

टोनीच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र कठोर आहे. १९९३ साली फ्लोरिडात वादळात समुद्राचे पाणी घरात शिरले आणि क्लॅरेन्सची ती गिटार खाऱ्या पाण्यात बुडाली. ती वाळवून, दुरुस्त करून पुन्हा वाजती झाली. पुढच्याच वर्षी गळ्याच्या स्नायूंच्या विकाराने त्याचा गाता आवाज गेला. तो दुरुस्त झाला नाही. एकदा त्याने गाणे आपखुशीने बाजूला ठेवले होते. या वेळी विचारणारे कोणी नव्हते. गिटार उरली. नंतर कोपर आणि सांधेही दुखू लागले. २०१३ मध्ये ब्लूग्रासच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’ मध्ये त्याचा समावेश झाला. त्या समारंभात बोलता बोलता काही वाक्ये तो आपल्या जुन्या, स्वच्छ आवाजात बोलला आणि सभागृह अवाक झाले. लोकांसमोर त्याने गिटार वाजवली ती त्या वेळी शेवटची. २५ डिसेंबर २०२० रोजी नॉर्थ कॅरोलायनात तो गेला.

१९९५ ची एक ध्वनिमुद्रिका मागे राहिली, तिचे नाव ‘रिव्हर स्वीट फॉर टू गिटार्स’. दोन गिटारी, एक टोनी राईसची, दुसरी जॉन कार्लिनींची. गुच्छांची नावे घोकून घेणारे गुरू आणि वीस वर्षांपूर्वी ती घोकणारा शिष्य समोरासमोर बसले आहेत. शिष्याचा आवाज जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. एकाची धून चालू असताना दुसऱ्याने खाली किती कमी वाजवले आहे, तेवढे कान देऊन ऐकावे.